भावाचं विधेयक

“त्या मेलेल्या बापाला विचारा, त्याला काय हवंय ते!” उजव्या बाकांवरचे एक सदस्य गरजले. सभागृहाच्या मधोमध, लघुलेखकांच्या टेबलाशी बसलेल्या तिची पेन्सिल जराही अडखळली नाही. तो बाप तिचाच होता.

फाशीची शिक्षा रद्द करायच्या विधेयकावरची ही शेवटची चर्चा. फाशीची वाट बघणारे कैदी मोजकेच होते आणि त्यातला एक तिच्या पाठचा भाऊ. एका संध्याकाळी भांडण विकोपाला गेलं आणि त्यानं वडिलांना मारलं. आईनं ते डोळ्यांनी पाहिलं. कोर्टात आईची साक्ष झाली आणि तिच्याच शब्दावर पोराला शिक्षा लागली. आज विधेयक पडलं तर तो जाणार होता. आणि आपल्याच तोंडानं आपण लेकराला फासावर दिलं, म्हणून आई जन्मभर जळत राहणार होती. एका घरातून माणसं जायची तरी किती?

“आज रजा घे,” सकाळी नाना म्हणाले होते. नाना म्हणजे लघुलेखकांचे प्रमुख. त्यांना सगळं ठाऊक होतं.

“घरी आई रेडिओ लावून बसलीय, नाना. तिच्या तोंडाकडे बघत ऐकणं मला जमायचं नाही. इथं निदान हाताला काम आहे.”

हाताला काम होतं आणि घामही. कागद ओला होत होता.

“जगवायचं कशाला यांना? तुरुंगातलं जेवण आपल्या कॅन्टीनपेक्षा बरं असतं म्हणे!” मागून कुणीतरी टोला हाणला.

“मग तुम्हीच जा की राहायला! आम्ही डबा नाही पाठवणार!” डावीकडून उत्तर आलं.

सभागृह खदखदून हसलं. नियमाप्रमाणे तिनं कंसात लिहिलं, हशा.

“आणि जन्मठेप म्हणजे तरी काय?” उजवीकडचे पुन्हा उठले. “वागणूक चांगली ठेवली की एक दिवस दार उघडणारच!” तिनं तेही लिहिलं. दोन्ही बाजू वडिलांना ‘मयत’ म्हणत होत्या. त्यांचं बिस्किट रोज चहात पडायचं आणि ते चमच्यानं शोधत बसायचे, हे तिथं कुणाच्या गावीही नव्हतं.

पुढचा लघुलेखक येऊन शेजारी टेकला. तिनं कागद उचलले आणि मागच्या खोलीत येऊन टाइप करायला बसली. एवढ्यात मतदानाची घंटा झाली. सभागृहाचे दरवाजे धडाधड लागले.

तिची बोटं भलत्याच अक्षरांवर पडू लागली. डोळ्यांसमोर भाऊ येत होता, जाळीपलीकडचा. दर महिन्याला ती एकटीच त्याला भेटायला जायची. आई कधी आली नाही. फासावर जायच्या पोराला कुठल्या तोंडानं भेटणार, म्हणून येत नसेल, असं ती समजून चालली होती. तो मात्र किती बदलला होता! आवाज मऊ झाला होता. दर वेळी घराचंच विचारायचा. आई दुपारी एकटीच असते का गं? अजून मागच्याच खोलीत झोपते? मागच्या दाराची कडी बसवलीत का नीट? ती घरी येऊन आईला सगळं सांगायची. “बघ, त्याचा जीव अजून घरातच अडकलाय.” आई उठून आत जायची.

भिंतीपलीकडे बाकं वाजू लागली. जिंकणाराही बाक वाजवतो आणि चिडलेलाही. नुसत्या आवाजावरून काय कळणार? तिनं गळ्याजवळचं बटण सोडलं.

दार उघडून नाना आत आले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

“मंजूर झालं, पोरी. वाचला तो.”

तिनं टेबलावर डोकं टेकलं. नाना तिच्यासमोरचे कागद घेऊन स्वतः टाइप करायला बसले. “जा. घरी जा. आईपाशी बस.”

ती घरी पोचली तेव्हा उजेड होता. रेडिओ बंद होता. आई स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभी होती.

“ऐकलंस ना गं?”

“ऐकलं.” आईनं ओले हात पुसले. ते कोरडे झाले तरी ती पुसतच राहिली. “बरं झालं. माझ्या शब्दानं त्याचा जीव गेला नाही.”

तिनं आईला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत आई पहिल्यांदाच तिच्यासमोर रडत होती. तिचं सगळं अंग थरथरत होतं. रडू दे, ती मनात म्हणाली, एवढा मोठा धोंडा उतरलाय छातीवरचा.

“आता पुढच्या भेटीला मीपण येईन,” आई म्हणाली. “काहीही झालं तरी माझं लेकरू आहे. त्याचं तोंड बघावंसं वाटतं.”

“जाऊ की. दोघी जाऊ.”

थरथर काही थांबेना. आईची बोटं तिच्या दंडात रुतली.

“पण त्याच्याआधी आपण हे घर सोडू,” आई तिच्या कानाशी कुजबुजली. “आणि नवा पत्ता त्याला सांगू नकोस.”