चोवीस सेकंद

पडद्यावरच्या ज्युली मॅडम बोलता बोलता थांबल्या, त्या थांबूनच राहिल्या.

"नेट गेलं वाटतं," पहिल्या रांगेतले जितेंद्र सर म्हणाले.

नेट गेलं नव्हतं. मॅडमच्या पाठीमागच्या खिडकीत केळीचं पान हलत होतं. मॅडम समोर बघत शांत बसल्या होत्या.

माणिकपूरच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये प्रशिक्षणाचा तो शेवटचा दिवस होता. ऑनलाइन शिकवताना मुलांना धरून कसं ठेवायचं, हे स्वप्ना चार दिवस चौदा प्राध्यापकांना शिकवत होती. ती विद्यापीठाकडून आलेली, वय एकोणतीस. समोरच्या निम्म्या लोकांच्या घरी तिच्या वयाची मुलं होती. प्रत्येकाने सहा मिनिटांचा धडा घरून रेकॉर्ड करून आणायचा आणि तिने दहा मुद्द्यांवर गुण द्यायचे, असं ठरलं होतं. सात मिळाले तर विषय त्या प्राध्यापकाकडे राहणार, नाहीतर पुढच्या वर्षीपासून मुलांना बाहेरून आणलेले तयार व्हिडिओ दाखवणार.

संख्याशास्त्राच्या ज्युली मॅडमचे तीन गुण आधीच गेले होते. चेहऱ्यावर उजेड कमी होता, मध्येच कुकरची शिट्टी वाजली होती आणि पडद्यावरची अक्षरं फार बारीक होती. आणखी एक गुण गेला की संपलं. आणि कागदावर चौथा मुद्दा स्पष्ट लिहिलेला होता : पाच सेकंदांपेक्षा जास्त शांतता नसावी. काल सरावाच्या वेळी स्वप्नाने हे मॅडमना जपून सांगितलंही होतं. सांगताना तिची जीभ जरा अडखळली होती, कारण तीन वर्षं ती स्वतः मॅडमच्या वर्गात बसलेली. मॅडमनी मान डोलावून ते वहीत लिहून घेतलं होतं.

आता घड्याळात दहा सेकंद झाले होते.

थांबण्यापूर्वी मॅडमनी एक प्रश्न विचारला होता. पाचूबंदरला दहा होड्या लागल्या. मासळीची सरासरी निघाली होडीमागे चाळीस किलो. पण चाळीस किलो मासळी एकाही होडीत नव्हती. तर जास्तीत जास्त किती होड्या रिकाम्या आल्या असतील?

"पाच," जितेंद्र सर लगेच म्हणाले. मग त्यांनी पाच खोडलं आणि कागदावर काहीतरी आकडे मांडायला घेतले. कोणी तळहातावर बोटाने गुणाकार करत होतं. पडद्यावर मॅडमनी चष्मा काढला, साडीच्या पदराने पुसला, परत घातला. लॅबमध्ये नुसता पंख्याचा आवाज येत होता. स्वप्नाला गुण लिहायचे होते. पण तिच्या हातातलं पेन कागदाच्या कोपऱ्यात एक होडी काढून तिच्यात चारशे किलो टाकून बसलं होतं.

वर्गातही मॅडम अशाच थांबायच्या. पटकन हात वर करणाऱ्यांना नुसत्या तळव्याने थोपवायच्या आणि खिडकीबाहेर बघत राहायच्या. स्वप्नाला उत्तर यायचं, पण सगळ्यांच्या नंतर. त्या एकाच वर्गात ती उत्तरापाशी कधी उशिरा पोचली नाही.

"झालं?" पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या. "आता बोला."

"नऊ," लॅबमधून चार-पाच आवाज एकदम आले. त्यात जितेंद्र सरांचाही होता, आणि तेच सगळ्यात खूश दिसत होते.

व्हिडिओ संपला. स्वप्ना उभी राहिली. तिने ठरवलं, जे आहे ते सगळ्यांसमोर सांगायचं.

"मॅडम, चोवीस सेकंद शांतता आहे. ती कापायला हवी होती."

"कापली होती गं," दुसऱ्या रांगेत बसलेल्या ज्युली मॅडम म्हणाल्या. "काल घरी गेल्यावर माझ्या मुलाने, मेलरॉयने कापून दिली मला. मग मी बघायला बसले. मी प्रश्न विचारते आणि मीच लगेच उत्तर सांगते. मला मुलांची कीव आली. म्हटलं, असंच करायचं तर त्यांना विचारायचं तरी कशाला? मग पहिलाच व्हिडिओ परत आणला." स्वप्नाच्या हातातल्या कागदाकडे बघत त्या म्हणाल्या, "तू नियमाने काय असेल ते लिही. माझं वाईट वाटून घेऊ नकोस."

स्वप्ना खाली बसली. चौथ्या मुद्द्यासमोर तिने एक गुण दिला आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं, 'शांतता चोवीस सेकंद. गरज होती.' खाली सही केली. वरून विचारणा झाली तर काय सांगायचं, हे तिला ठाऊक होतं.

मग ती समारोपाला उभी राहिली. चार दिवस प्रत्येक तासाच्या शेवटी ती 'काही शंका? नाही ना? पुढे जाऊ या' हे एका दमात म्हणत आली होती.

"काही शंका?" ती म्हणाली, आणि तोंड मिटून उभी राहिली.

पाच सेकंद झाले, आठ झाले. तिचे हात उगाचच रिमोट शोधू लागले, तेव्हा तिने ते पाठीमागे धरून ठेवले.

शेवटच्या रांगेत एक हात अर्धवट वर झाला. वनस्पतिशास्त्राचे गॉडफ्रे सर वयाने सगळ्यांत मोठे, चार दिवसांत एक शब्द बोलले नव्हते.

"ते अपलोड करा, अपलोड करा असं सांगतेस ना," ते म्हणाले, "ते म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला पहिल्या दिवसापासून कळलेलं नाही."

कोणी हसलं नाही. जितेंद्र सरांनी हळूच वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.