महिपतची रिंग

बास्केटबॉलच्या हंगामातला पहिलाच सामना हरलात तर चेंडू कपाटात जाईल, असे प्राचार्यांनी बजावले होते. कप्तान महिपत संघ घेऊन ठाण्याच्या मैदानावर उतरला. कल्याणच्या आपल्या तंत्रमहाविद्यालयाची सरावाची रिंग त्यानेच कार्यशाळेत घडवली होती. सरावात संघातल्या भिवाचा चेंडू तिच्यात क्वचितच शिरे. "डोळे घरी ठेवून येतोस काय रे?" महिपत रोज खेकसे. ठाण्यात मात्र भिवाने टाकलेला प्रत्येक चेंडू अलगद आत गेला आणि सामना खिशात आला. चक्रावलेल्या महिपतने परतल्यावर आपल्या रिंगला टेप लावली. अठरा इंचांचा व्यास आतून धरायचा, तो बाहेरून धरल्यामुळे रिंग अरुंद घडली होती! "डोळे कुणाचे घरी राहिले होते, कप्तान?" भिवा खिदळला. ओशाळलेला महिपत पाना घेऊन रिंग उतरवायला चढला, तोच भिवाने त्याला खाली खेचले. "खबरदार! हंगाम संपेपर्यंत सराव हिच्यावरच."