पंखा बंद

धुळ्यात कॅसेटचं दुकान चालवणाऱ्या जीवरामनानांनी अभिमनची गाणी ऐन मे महिन्यात भरून घेतली. घरघर टेपवर उतरू नये म्हणून पंखा बंद आणि दार-खिडक्यांना गोधड्या. गिटार छातीशी धरून अभिमन म्हणाला, "नाना, जीव घाबरस. पंखा लावा ना."

"एवढं गाणं होऊ दे, मग लावतो."

गाणं झालं. अभिमन पुन्हा उठलाच नाही.

स्वतःशीच बोलल्यासारखी त्याची ती गाणी दहा वर्षांनीही हातोहात खपत होती. आज भरदुपारी नानांनी दुकानात तीच कॅसेट लावली, तसा डोक्यावरचा पंखा थांबला. शटर आपोआप खाली आलं. टेप मात्र चालूच. नाना घामानं निथळत बटणं दाबू लागले.

गाणं मध्येच थांबलं.

"येवढं गानं व्हऊ द्या नाना, मंग लावसू पंखा."

आणि गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झालं.