अठरा तारखेची प्रार्थना

निवडून आले तर मनमोहन साळव्यांच्या पदरात पडणार होतं ते एवढंच: महापालिकेत एक खुर्ची आणि नावापुढे 'नगरपिता'. जायचं ते आधीच गेलं होतं. मिशनचा नियम कडक. निवडणूक लढवायची तर चर्चचं व्यासपीठ सोडा, आवारातलं घरही सोडा. साळव्यांनी दोन्ही सोडलं. बावीस वर्षं ते माझगावचे पाळक होते. सत्तावन्न साली संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार झाले.

याला कारण त्यांच्या चर्चमधल्या कौसल्याबाईंचा मुलगा जगदीश. गोदीत कामाला होता, छप्पन्नच्या जानेवारीत, अठरा तारखेला, पोलिसांच्या गोळीबारात गेला. त्याला मूठमाती देताना पाळकसाहेबांचा शब्द अर्धवट राहिला, तो पुरा झाला थेट समितीच्या सभेत. मात्र दर महिन्याच्या अठरा तारखेला ते कौसल्याबाईंकडे न चुकता येत. चहा होई. बाई डोक्यावरून पदर घेऊन डोळे मिटत. पाळकसाहेब सावकाश प्रार्थना करत. जिना चढतानाचा जगदीशचा धडधडाट, त्याचं सुकटीचं वेड, सगळं त्या प्रार्थनेत येई. बाईंना ते महिनाभर पुरे.

एप्रिलच्या अठरा तारखेला ते आले, ते पंधरा कार्यकर्ते घेऊन.

"साहेब, आटपा लौकर," त्यातला शिवा दारातूनच म्हणाला. "डिलाईल रोडला सभा खोळंबलीय. म्हातारीचं मत काय पळून जातंय?"

"गप रे," म्हणत साळवे आत बसले. चहा झाला. बाईंनी डोळे मिटले.

"हे दयाळू बापा, तुझं लेकरू जगदीश..." साळव्यांनी सुरुवात केली. सकाळपासूनची चार भाषणं गळ्यात होती. आवाज चढत गेला. जगदीशचा 'आमचा जगदीश' झाला, मग 'आमचे हुतात्मे' झाले, मग बेळगाव आलं, कारवार आलं. शेवटी मूठ वर गेली.

"संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" बाहेरून गर्जना आली. फळीवरची भांडी हादरली.

साळव्यांनी मूठ खाली घेतली. बाईंचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"आमेन राहिलं, पाळकसाहेब."

साळव्यांनी हात जोडले. दारातून शिवाने पुन्हा हाक मारली.

"राहू द्या, मी म्हणते," बाई म्हणाल्या. "तुम्ही निघा. लोक थांबलेत."

साळवे चारशे मतांनी निवडून आले. त्यातलं एक बाईंचं. पुढे महाराष्ट्राला मुंबईही मिळाली. माझगावातली जुनी माणसं अजून त्यांची भाषणं आठवून सुखावतात. कौसल्याबाईंनी पोरगा आधीच दिला होता. त्या अठरा तारखेला पाळकही देऊन टाकला.