विटणारी शाई

“चकचकीत कागद नको,” रेनो म्हणाला. “आणि पाठ कोरी हवी. मागे कंपनीचं नाव छापलेलं असेल तर काही उपयोग नाही.”

बेवने मान वर केली. एस्कनाबा गावात कॅमेऱ्याचं दुकान म्हणायला तिचं एकच उरलं होतं, आणि रेनोला ती शाळेपासून ओळखत होती.

“घरच्या प्रिंटरला एवढे नखरे? हा घे. जाड, पिवळसर, पाठ कोरी. आणि ही शाई. शंभर वर्षं हलणार नाही.”

“विटणारी दे.”

“काय?”

“स्वस्तातली. उन्हात ठेवली की उडते ती. फोटो जुना दिसायला हवा.”

“काळा रंग हिरवट मारेल, आधीच सांगते. मग माझ्या नावानं खडे फोडू नकोस. कुणाचा फोटो एवढा?”

“आर्नीचा.”

बेवने हातातली शाई खाली ठेवली. “त्याचा फोटो आहे?”

“नाही ना. म्हणून तर करतोय.”

आर्नी हा रेनोचा थोरला भाऊ. रेनो जन्मण्याआधीच, पाळण्यात असताना गेलेला. त्याचा एकही फोटो नाही, असं बाबा सांगायचे. आईने तर उभ्या जन्मात त्याचं नाव काढलं नव्हतं. आता वृद्धाश्रमात, घास गिळवेनासा झाल्यावर, तिने एकच धोशा लावला होता, आर्नीचा फोटो आण. डॉक्टरांनी आशा सोडली होती. रोज रिकाम्या हातांनी तिच्यासमोर उभं राहताना रेनोचा जीव तुटायचा.

फोटो होता तो रेनोचा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, तान्हं बाळ, डोक्यावर चांदण्या विणलेली लोकरीची टोपी. “हा बघ तू,” बाबा बोट दाखवून म्हणायचे. त्यानंतरचा त्याचा फोटो थेट शाळेतला. आई काही जवळ घेऊन लाड करणाऱ्यातली नव्हती. पण रोज सकाळी एप्रनच्या टोकाने ती त्या फोटोची काच पुसायची. लहानपणी रेनो जिन्यात बसून ते बघत राहायचा. तेवढी माया त्याला जन्मभर पुरली होती.

सख्ख्या भावांचे चेहरे असे कितीसे वेगळे असणार? त्याने तोच फोटो कम्प्युटरवर घेतला. टोपी आई लगेच ओळखेल, म्हणून ती पुसली आणि तिथे आपल्या नातवाचं जावळ चिकटवलं. पहिली प्रत हिरवट आली, बेव म्हणाली होती तशीच. रंग थोडा तपकिरीकडे ओढल्यावर जमलं. कडा कात्रीने नागमोडी कापून त्याने फोटो दक्षिणेच्या खिडकीत उन्हाला लावला. बाहेर बर्फ वितळत होतं. शाई उडेपर्यंत आई टिकते की नाही, या धास्तीने त्याला अन्न गोड लागेना. शेवटी विटला होता तेवढ्यावरच तो घेऊन निघाला.

आईच्या उशाशी वेलदोड्याचा पाव तसाच पडला होता.

“आई, आर्नी सापडला. मावशीच्या ट्रंकेत होता.” त्याने फोटो तिच्या हातात ठेवला.

आईने भिंग मागितलं. कितीतरी वेळ ती बघत राहिली. मग फोटो गालाला लावून रडायला लागली. आईला असं रडताना रेनोने कधी पाहिलं नव्हतं. त्यालाही हुंदका आवरेना. हे पाप असेल तर असो, त्याला वाटलं.

“हाच,” ती म्हणाली. “हाच माझा आर्नी. पण त्याची टोपी का काढलीस रे? चांदण्यांची? पुरतानासुद्धा मी ती काढू दिली नव्हती.”

रेनोने फोटोतल्या त्या चिकटवलेल्या जावळावर बोट ठेवलं.

तिने चाचपडत त्याचा हात धरला. “त्याचा फोटो काढला आणि आठवड्यात तो गेला. मग तुझा काढायचा धीरच झाला नाही.”