शेवटची सोळा पानं

बहात्तरच्या दुष्काळात, नळाच्या रांगेत हंड्याशेजारी बसून, मांडीवर वही घेऊन भानुमतीबाईंनी एका जपानी कादंबरीचा मराठी अनुवाद केला होता. आता पडेगावच्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये शंतनू त्याच अनुवादाची पहिली आवृत्ती शोधत आला होता. जुनी पुस्तकं जमवायचा त्याला नाद.

"पण पहिली ओळखायची कशी, काकू? साल तर दुसरीवरही तेच छापलंय."

"पहिलीच्या वेळी बाइंडरनं शेवटची सोळा पानं वरून कापलीच नव्हती, एकमेकांना जोडलेलीच राहिली होती. ज्यानं त्यानं घरी सुरीनं कापून घेतली. तिथली कड खडबडीत लागली, की समजायचं पहिली."

"माझी प्रत दाखव की त्याला," आरामखुर्चीतून त्यांचे यजमान लक्ष्मणराव म्हणाले. "शेवट वाचून ढसाढसा रडलो होतो मी. विचार हिला."

पन्नास वर्षं येईल त्या पाहुण्याला ते हेच सांगत आले होते, आणि दर वेळी बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

शंतनूनं प्रत हातात घेतली, शेवटच्या पानांवरून बोट फिरवलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला.

"काकू, ही पानं अजून जोडलेलीच आहेत. कुणी उघडलेलीच नाहीत. आता सुरी लावू नका हं, अशी प्रत कुठंच मिळायची नाही."

"मग, जपलीच आहे मी तशी," लक्ष्मणराव खूश होऊन म्हणाले.

भानुमतीबाई आत गेल्या, सुरी घेऊन आल्या आणि ती त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली.

"घ्या, कापा. तुमचं रडायचं राहिलंय."