नारदाच्या गादीवरचा वॉशिंग्टन

"तुमचा झांजवाला तर अमेरिकेले पोचला न, महाराज!" शेजारी बसलेला टेकचंद कानाशी कुजबुजला.

टिकाराम महाराजांनी हात उपरण्याखाली आणखी आत ओढले. सिहोऱ्याच्या सप्ताहातली कीर्तनकाराची, म्हणजे नारदाची गादी वर्षानुवर्षं त्यांची. हाताला कंप सुटला, चिपळ्या तालात पडेनात, आणि यंदा मंडळानं प्रविणला उभं केलं. कालपर्यंत त्यांच्याच मागे झांज वाजवणारा पोरगा! गळाही मेला गोड. बाया पदरानं डोळे टिपत होत्या. ते डोळे आजवर फक्त महाराजांच्या कीर्तनात भरून यायचे.

आणि आख्यान कोणाचं, तर जॉर्ज वॉशिंग्टनचं! अमेरिकेतल्या दप्तरखान्यानं त्याचे जुने कागद इंटरनेटवर ठेवलेत म्हणे. त्यातल्या एकाची छापील प्रत प्रविणनं उंच धरली. ओळींवर खाडाखोड दिसत होती.

"इंग्रजाशी लढाई जिंकली, मायबाप! फौज त्याची, लोकं त्याचे. मनात आणतं तर राजा झाला असता. पण भर सभेत हा कागद वाचला, सेनापतीपण वापस केलं आन घरी शेतीवर गेला. वाचताना हात असा कापे, का कागद दोन्ही हातानं धरा लागला!"

प्रविणनंही दुसरा हात लावला. तरी कागद लटलट कापतच राहिला.

महाराजांची कानशिलं तापली. नक्कल! आपल्या कंपाची, भर मंडपात! वर गादी सोडायचा टोमणा! उठून चालतं व्हावंसं वाटलं. पण हरिकथेतून मधेच उठणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

आरती झाली. गादीवरचा बुवा म्हणजे साक्षात नारद, गुरूनंही त्याच्यापुढे वाकायचं. महाराज बुक्क्याची वाटी घेऊन पुढे झाले. बुक्का कपाळाला कमी, नाकावर जास्त सांडला. वाकण्याआधी त्यांनी प्रविणचं मनगट करकचून धरलं.

"माह्या हाताची नक्कल करून राहिला का रे?"

कागद केव्हाच खाली ठेवला होता. मनगट मात्र गार होतं, आणि अजूनही थरथरत होतं.

"नक्कल कायची, महाराज?" प्रविण पुटपुटला. "तुमी समोर बसले होते न. पहिल्या अभंगापासून कापूनच राहिलो मी."

महाराजांचं उपरणं खांद्यावरून घसरलं. ते त्यांनी सावरलं नाही. प्रविणचा तो हात त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला.